तिकीट मारणारा कोळी

१ जानेवारी १८५० रोजी स्पेनमधल्या टपाल कचेऱ्यांत एक नवी वस्तू विक्रीला आली. राणी दुसऱ्या इसाबेलची छबी असलेला, काळ्या शाईत छापलेला, कडेला भोके नसलेला, कात्रीने कापून घ्यायचा चिमुकला कागद. किंमत सहा क्वार्तो. स्पेनचे हे पहिले टपाल तिकीट. एकदा वापरलेले तिकीट कोणी सोडवून पुन्हा चिकटवू नये, म्हणून कारकुनांच्या हाती एक नवा शिक्काही आला होता. मध्ये गाभा आणि भोवती वाकडेतिकडे पाय, असा त्याचा ठसा. संग्राहक त्याला आजही ‘आरान्या’ म्हणतात, म्हणजे कोळी. हा कोळी काळ्या शाईत उठायचा. तिकीट काळे, शिक्काही काळा. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात टपाल छाटणाऱ्या कारकुनाला तिकीट कोरे आहे की वापरलेले, हे कसे कळणार?

हा प्रश्न सोडवायला स्पेनच्या टपालखात्याला पुढची बरीच वर्षे लागली. त्या खटाटोपातून शिक्क्यांचे एक अख्खे घराणेच जन्माला आले. कोळ्यामागून जाळी आली, जाळीमागून बैलगाडीचे चाक, आणि नंतर ठिपक्यांची शंकरपाळी. जुन्या पेटीत सापडलेल्या स्पॅनिश पाकिटावर यांतले काही दिसले की पाहणारा बुचकळ्यात पडतो. कुठे चाकात आकडा असतो, कुठे तांबड्या वर्तुळात गावाचे नाव, तर कुठे पत्त्यावरच मोठ्या अक्षरांत एखाद्या मुलखाचे नाव ठोकलेले असते. ही सगळी चिन्हे वाचता येतात. त्यासाठी एवढेच शोधायचे की शिक्का मारणाऱ्या कारकुनाला त्या क्षणी काय ठरवायचे होते. पत्र किती लांबून आले? ते निघाले कधी? हशील कोणी भरायचे? आणि १८५० नंतर, तिकीट मेले की जिवंत आहे?

‘मेले’ हा शब्द स्पॅनिश भाषेतलाच आहे. अशा शिक्क्याला तिथे ‘मातासेयोस’ म्हणतात. ‘मातार’ म्हणजे ठार मारणे, ‘सेयो’ म्हणजे तिकीट. आपण तिकिटावर शिक्का मारतो, स्पॅनिश माणूस तिकीटच मारतो.

तिकिटांच्या कितीतरी आधीपासून स्पेनमध्ये टपाल चालू होते, आणि प्रदीर्घ काळ ते एका घराण्याच्या हातात होते. १५०५ साली पहिल्या फिलिपने फ्रान्सिस्को दे तासिस याच्याशी करार केला, तेव्हापासून राजाचे खलिते वाहून नेण्याचे काम तासिस घराण्याकडे आले. पुढे खाजगी माणसांची पत्रेही याच घोड्यांवरून जाऊ लागली. ‘कोर्रेओ मायोर’, म्हणजे टपालाचा मुख्याधिकारी, हे पद वंशपरंपरेने चालत राहिले. दोनशे वर्षांनी गादीवर बूर्बाँ घराणे आले. पाचव्या फिलिपने १७०६ साली तासिसांचा हक्क काढून घेतला, मधली काही वर्षे टपाल मक्त्याने दिले आणि १७१६ साली ते थेट राजसत्तेच्या ताब्यात आणले.

सरकार मालक झाले तसा हिशोब आला. सरकारी खलित्यांना हशील माफ होते. ते ओळखू यावेत म्हणून त्यांच्यावर किल्ले आणि सिंह असलेली राजचिन्हाची मोहोर काळ्या शाईत उठवली जाई. बाकी सगळ्या पत्रांचे पैसे वसूल करायचे होते, आणि ते द्यायचे पत्र घेणाऱ्याने. आपल्याकडच्या ‘नॉटपेड’ पत्रासारखीच ही रीत, फरक एवढाच की तिथे जवळजवळ प्रत्येक पत्र नॉटपेड असे. दर ठरायचा पत्राचे वजन आणि ते कोणत्या मुलखातून आले यावर. म्हणून पत्र रवाना करणारी कचेरी त्यावर मुलखाचे नाव उठवू लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत देशभर रुळली.

जुनी स्पॅनिश पत्रे हाताळणाऱ्याला पहिला चकवा बसतो तो इथे. पत्रावर ‘कातालुन्या’ असते, गावाचे नाव नसते. ‘गालिसिया’, ‘आरागोन’, ‘नाव्हार्रा’, ‘ला मांचा’ ही नावे तशीच. पत्र बार्सेलोनाहून निघाले की त्याच टापूतल्या दुसऱ्या एखाद्या लहान कचेरीतून, हे पुष्कळदा शिक्का सांगत नाही. ते कळण्यासाठी पत्र उघडून आतली ओळ वाचावी लागते. कारकुनाला गावाशी कर्तव्यच नव्हते. त्याला दर लावायचा होता आणि दरासाठी मुलूख पुरेसा होता. पत्त्याच्या बाजूला ठळकपणे उठवलेला किंवा शाईने ओढलेला आकडा म्हणजे तो दर. नवखा माणूस त्याला घर क्रमांक समजतो. प्रत्यक्षात दारात उभ्या असलेल्या पोस्टमनला किती पैसे द्यायचे, ते तो आकडा सांगत असे.

या पोस्टमनची नेमणूक हीसुद्धा त्याच काळातली सुधारणा. १७५६ साली माद्रिदमध्ये घरपोच पत्रे देण्यासाठी बारा जण नेमले गेले. पत्राच्या हशिलावर वरचा एक क्वार्तो त्यांना मिळायचा. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात टपालाची प्रशस्त इमारत उभी राहिली ती १७६८ साली. फ्रेंच वास्तुविशारद झाक मार्के याने ती बांधली. टपालखात्याचा कायदेविषयक सल्लागार असलेल्या पेद्रो रोद्रिगेस दे काम्पोमानेस याने १७६१ साली देशातल्या टपालमार्गांची पुस्तिका प्रसिद्ध केली. कोणत्या वाटेवर घोडे कुठे बदलायचे आणि दोन ठाण्यांमधले अंतर किती, हे तिच्यामुळे छापील स्वरूपात मिळू लागले.

शिक्क्यांवरचे शुद्धलेखनही बोलके असते. सेव्हिल, कादिस या भागाच्या शिक्क्यावर ‘आंदालुसिया बाखा’ हे नाव येते, म्हणजे खालचा आंदालुसिया. त्यातला ‘ख’ जुन्या शिक्क्यांवर ‘एक्स’ या अक्षराने लिहिलेला दिसतो. स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीने १८१५ साली अशा ठिकाणी ‘जे’ हे अक्षर पक्के केले. मग एक्स दिसला की पत्र १८१५ च्या आधीचे, असे म्हणावे का? तसा मोह होतो, पण पितळी शिक्का झिजेपर्यंत वापरला जातो आणि कारकून शुद्धलेखनासाठी नवा शिक्का पाडून घेत बसत नाही. त्यामुळे एक्स ही खूण आहे, पुरावा नव्हे.

मराठी वाचकाला हमखास फसवेल असा एक शिक्का याच काळातला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘इंडियास’ लिहिलेले असते, तेही सुरुवातीला ‘वाय’ घालून, जुन्या धाटणीने. हिंदुस्थानशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कोलंबसाच्या गैरसमजापासून स्पेन अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या मुलखाला ‘इंडियास’ म्हणत आले. २४ ऑगस्ट १७६४ च्या राजाज्ञेने ला कोरुन्या बंदरातून हवानाला दरमहा टपालजहाज सुटू लागले. तिथून पुढे पत्रे मेक्सिको आणि दक्षिणेकडच्या वसाहतींकडे जात, आणि थोड्याच वर्षांत ब्वेनोस आयरेसचीही जहाजवाट सुरू झाली. समुद्रापलीकडच्या पत्रांचा दर निराळा आणि भारी होता, म्हणून शिक्काही निराळा. क्युबा, प्वेर्तो रिको या बाजूच्या पत्रांवर ‘इस्लास दे बार्लोव्हेन्तो’ असे दिसते, म्हणजे वाऱ्याकडची बेटे. १८२७ साली समुद्री टपाल एका खाजगी कंपनीकडे सोपवले गेले, आणि तिच्या जहाजांतून आलेल्या पत्रांवर ‘एम्प्रेसा’, म्हणजे ‘कंपनी’, एवढाच शब्द उठू लागला.

या सगळ्या शिक्क्यांत एक गोष्ट कुठेच नव्हती. तारीख.

पत्र वाटेत किती दिवस रखडले, कोणत्या कचेरीत पडून राहिले, याचा पत्रावर काहीच पुरावा नसे. १८३३ ते १८४० या काळात देश कार्लिस्ट युद्धात, म्हणजे गादीच्या वारसावरून पेटलेल्या यादवीत, होरपळत होता, उत्तरेकडे टपालवाटा अडत होत्या, आणि उशिराचा जाब विचारावा तर कोणाला, हे कळत नव्हते. युद्ध संपल्यावर, १८४२ साली, टपालखात्याचा महासंचालक हुआन बाएझा याने कचेऱ्यांना एकाच नमुन्याचे गोल शिक्के दिले. वरच्या कमानीत गावाचे नाव, मध्ये दिवस, महिना आणि साल, खालच्या बाजूला टपाल विभागाची खूण. शाई बहुतेक ठिकाणी तांबडी, काही ठिकाणी निळी किंवा काळी. हा शिक्का इतका ओळखीचा झाला की त्याला महासंचालकाचेच नाव चिकटले. संग्राहक नुसते ‘बाएझा’ म्हणतात. गाव आणि तारीख एकत्र आल्यामुळे देशभरातल्या पत्रांचा प्रवास पहिल्यांदाच उलगडून पाहता येऊ लागला. स्पॅनिश टपालाच्या इतिहासात तिकिटाइतकेच, कदाचित त्याहूनही, मोठे पाऊल हे मानायला हवे. तिकिटाने पैशाची सोय केली, बाएझाने कचेरीला जबाबदार धरले.

तीनच वर्षांनी, १८४५ मध्ये, अंतराचा हिशोबही गेला. स्पेनच्या मुख्य भूमीवर साध्या पत्राला सरसकट एक रेआल हा दर झाला आणि पत्रांवर एकचा आकडा व ‘आर’ हे अक्षर ठळक उठू लागले. मुलखांची नावे असलेले जुने शिक्के निकामी झाले ते इथे.

आता तिकिटाची वाट मोकळी होती. इंग्लंडने १८४० साली ती दाखवलीच होती. २४ ऑक्टोबर १८४९ च्या राजाज्ञेने स्पेनमध्ये टपाल तिकिटे येणार हे ठरले. गृहमंत्री होता लुइस होसे सार्तोरिउस, सान लुइसचा काउंट. हशील आधी भरण्याची सक्ती अजून नव्हती, लालूच मात्र होती. तिकीट लावले तर सहा क्वार्तो, न लावता पाठवले तर घेणाऱ्याने एक रेआल द्यायचा, आणि एका रेआलला साडेआठ क्वार्तो पडत. रजिस्टर पत्रांना तिकीट आवश्यक होते, म्हणून पहिल्याच मालिकेत सहा आणि बारा क्वार्तोंच्या जोडीला पाच, सहा आणि दहा रेआल अशी भारी तिकिटेही होती. बार्तोलोमे कोरोमिना याने ती कोरली, माद्रिदच्या सरकारी छापखान्यात शिळाछापावर ती छापली गेली.

आणि इथेच ती काळ्यावर काळ्याची अडचण उभी राहिली. इंग्लंडने याच खड्ड्यात उलट बाजूने पाय घातला होता. तिथे पहिले तिकीट काळे आणि शिक्का तांबडा होता. तांबडी शाई धुऊन काढता येते हे लोकांच्या लक्षात आले, तेव्हा १८४१ साली तिकीट तांबडे आणि शिक्का काळा, अशी अदलाबदल करावी लागली. स्पेनने नऊ वर्षांनंतरही सहा क्वार्तोचे तिकीट काळेच काढले. कित्येक कचेऱ्यांनी मग आपल्या परीने मार्ग काढला आणि कोळ्याऐवजी तांबडा बाएझाच तिकिटावर ठोकला. काळ्या राणीवर तांबडे वर्तुळ स्पष्ट दिसे, शिवाय तारीखही मिळे. आज अशी जोडी संग्राहकांना विशेष प्रिय आहे. त्या काळी ती निव्वळ कारकुनी शहाणपणाची गोष्ट होती. कोळीही सगळीकडे सारखा नव्हता. कुठे त्याचे पाय बारीक, कुठे जाड, कुठे आकार लंबुळका. त्या फरकांवरून जाणकार कचेरीचा अंदाज बांधतात.

खात्याची भीती खरी होती. वापरलेली तिकिटे धुऊन पुन्हा लावली जात, आणि खोटी तिकिटे छापून टपालालाच फसवणारेही होते. स्पेनमधली अशी बनावट तिकिटे इतक्या प्रकारची आहेत की त्यांचा अभ्यास ही स्वतंत्र शाखाच झाली आहे. उपाय म्हणून सरकारने सुरुवातीची वर्षे दर साली नवी तिकिटे काढली आणि त्यांवर साल छापले. वर्ष संपले की जुने तिकीट बाद. १८५१ मध्ये छपाईची पद्धत बदलली, पण सहा क्वार्तोचा रंग काळाच राहिला. १८५२ मध्ये मात्र तिकीट गुलाबी झाले, आणि त्याच वर्षी कोळी जाऊन नवा शिक्का आला. लंबगोलात आडव्या जाड रेघा. निखाऱ्यावर मांस भाजायच्या लोखंडी जाळीसारखा दिसणारा, म्हणून ‘पार्रिया’. राणीचा चेहरा आता रेघांखाली सरळ झाकला जाऊ लागला. क्युबातही ही जाळी पोचली.

जाळीचा दोष वेगळा होता. तिकीट तिने नीट मारले, पण ते कुठे मारले हे ती सांगत नव्हती. पाकिटावरून तिकीट सुटून पडले की त्याचे गाव हरवले. दरम्यान १ जुलै १८५६ पासून तिकीट लावणे सक्तीचे झाले. दारात पैसे मागण्याची दीडशे वर्षांची रीत त्या दिवसापासून मोडत गेली आणि पत्रांवरचे दराचे आकडे हळूहळू नाहीसे झाले. गरीब घरात पत्र आले की ते सोडवायला पैसे आहेत का, हा पहिला विचार असे. तो भार पाठवणाऱ्याकडे गेला, आणि सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा बदल हाच होता.

तिकिटांचा पूर आल्यावर १८५८ मध्ये ‘रुएदा दे कार्रेता’ आले, बैलगाडीचे चाक. एकात एक वर्तुळे, त्यांना जोडणारे आरे, आणि मध्ये आकडा. हा आकडा कचेरीचा. १ म्हणजे माद्रिद, २ म्हणजे बार्सेलोना, आणि अशा साठेक मुख्य कचेऱ्यांना क्रमांक दिलेले होते. एखाद्या सुट्या, पाकिटाविना उरलेल्या तिकिटाचे मूळ गाव केवळ या चाकामुळे आज सांगता येते. आकड्याने कचेरी ओळखायची ही युक्ती त्या काळात जगभर चालू होती. मुंबई इलाख्यातल्या टपाल कचेऱ्या याच दशकात ठिपक्यांच्या शंकरपाळीत आकडा उठवत होत्या आणि त्यात १ म्हणजे मुंबई. पुढे स्पेननेही ठिपक्यांची शंकरपाळी आणली, ‘रोम्बो दे पुन्तोस’, बहुतेक वेळा आकड्याविना.

रेल्वे आली तसे टपाल डब्यातच छाटले जाऊ लागले. ‘आम्बुलान्ते’ असा शिक्का असलेले पत्र कुठल्याही गावाचे नसते, ते धावत्या गाडीचे असते. त्यात ‘असेंदेन्ते’ आणि ‘देसेंदेन्ते’ यांची आद्याक्षरे दिसतात, म्हणजे चढती आणि उतरती. माद्रिदच्या दिशेने येणारी गाडी चढती, तिथून निघालेली उतरती. मुंबईच्या लोकलमध्ये अप आणि डाऊन म्हणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

सप्टेंबर १८६८ मध्ये क्रांती झाली आणि राणी इसाबेल फ्रान्सला पळून गेली. तिच्या चेहऱ्याची तिकिटे मात्र गठ्ठ्यांनी शिल्लक होती. ती फेकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांच्यावर ‘आबिलितादो पोर ला नासिओन’ असे शब्द उठवले गेले, ‘राष्ट्राने ग्राह्य धरलेले’. वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या अक्षरवळणात हे शब्द दिसतात. हा मातासेयोस नव्हे. याने तिकीट मारले जात नव्हते, पदच्युत राणीच्या तिकिटाला नव्या सत्तेत चालू ठेवले जात होते. त्याच वर्षी पेसेता हे चलन ठरले आणि काही वर्षांतच तिकिटांवरून क्वार्तो गेले. १८७३ साली कार्लिस्टांनी बास्क आणि नाव्हार्रा भागात आपल्या दावेदाराची तिकिटे काढली. त्या भागातल्या पत्रावरचे तिकीट पाहून गाव त्या दिवशी कोणाच्या ताब्यात होते, हे सांगता येते.

९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे जागतिक टपाल संघाचा करार झाला. सही करणाऱ्या देशांत स्पेन होता. गाव, तारीख आणि तिकीट मारणे ही तिन्ही कामे पुढे एकाच गोल शिक्क्याकडे आली. कोळी, जाळी आणि चाक यांची गरज संपली. काळ्या तिकिटावर तांबडा बाएझा ठोकणाऱ्या कारकुनांनी १८५० मध्ये जे केले होते, तिथेच खाते फिरून आले.

समजा, आज एखाद्याच्या हाती घडी घातलेले जुने स्पॅनिश पत्र आले. समोर गुलाबी सहा क्वार्तोचे तिकीट, त्यावर आडव्या रेघा, बाजूला गावाचे नाव असलेले गोल वर्तुळ. रंगावरून पत्र १८५२ किंवा १८५३ चे ठरते आणि तिकिटावरचे साल पक्के वर्ष सांगते. वर्तुळात गाव आणि दिवस मिळतो. पत्रावर दराचा आकडा नसेल तर पैसे पाठवणाऱ्याने भरले होते. मागच्या बाजूला दुसरे वर्तुळ असेल, तर दोन तारखा वजा करून प्रवासाचे दिवस निघतात. उरते ते फक्त आतले हस्ताक्षर.

शिक्के असे वाचण्याचा छंद स्पेनमध्ये लावला तो कादिस प्रांतातल्या मेदिना सिदोनिया गावच्या मारियानो पार्दो दे फिगेरोआ या लेखकाने. तो ‘डॉक्टर थेबुसेम’ या नावाने लिहीत असे. नाव जर्मन वाटते, पण थापांना स्पॅनिशमध्ये ‘एम्बुस्तेस’ म्हणतात, आणि त्याच शब्दाची अक्षरे उलटसुलट करून, त्यात एक ‘एच’ घालून त्याने ते बनवले होते. टपालाच्या इतिहासावर, तिकिटांवर आणि पोस्टमनांच्या कष्टांवर त्याने वर्षानुवर्षे आपुलकीने लिहिले. १८८० साली टपालखात्याने त्याला मानद पोस्टमन केले आणि त्याच्या पत्रांचे हशील माफ केले. त्यानंतर १९१८ साली मरेपर्यंत मेदिना सिदोनियाहून त्याची पत्रे तिकिटाविना निघू शकत होती, किल्ले-सिंहांची मोहोर लावलेल्या राजाच्या खलित्यांसारखी.